आबला, माझ्या लेकीची सुटी केलीत

प्रिय आबला,

हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही. तुम्हाला मराठी येत नाही आणि माझी तुर्की 'कोलाय गेलसिन', म्हणजे 'काम सोपं जावो', याच्या पुढे सरकलेली नाही. एरवी मी लेकीला हाक मारली असती, "ये गं, आबलांना हे जर्मनमध्ये सांग." आता तसं करणार नाही. शुक्रवारी दुकानात येऊन माझ्या मोडक्या जर्मनमध्ये मीच सांगेन, जमेल तेवढं. उरलेलं इथे मराठीत लिहिते, कारण आमच्याही बऱ्याच घरांत हल्ली पोरांच्या जिवावर परदेशातला संसार चाललाय, आणि त्यातलं कोणी ना कोणी हे वाचेल.

वाचणाऱ्यांना आधी ओळख करून देते. आबला म्हणजे तुर्कीत थोरली बहीण, आपली ताई. बर्लिनच्या नॉयकोल्न भागात आमच्या इमारतीखालीच यांचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. गल्लीतली पोरं "आबला, आबला" करत आत शिरायची तेव्हा मला वाटायचं, कोळशाच्या जमान्यातली ती जडशीळ इस्त्री एका हाताने उचलून शोकेसमध्ये मांडणाऱ्या बाईला अबला कोण म्हणतंय? मी पहिल्यांदा गेले ती ब्लाउज सैल करून घ्यायला. यांनी तो उलटा केला, आत आमच्या सांगलीच्या शिंप्याने सोडलेली दोन बोटं माया पाहिली आणि मान डोलावली. मी सांगितलं, आमच्याकडे या राखलेल्या कापडाला जो शब्द आहे तोच जीव लावण्यालाही आहे. तेव्हापासून आमचं शब्दांचं दुकान सुरू झालं. साबण म्हणजे साबुन, हिशोब म्हणजे हेसाप, पडदा म्हणजे पेर्दे. नाटकाच्या पडद्यालाही पेर्देच म्हणतात, हे सांगताना तुम्ही खणातून दोन तिकिटं काढलीत.

एकपात्री म्हटलं की आपला माणूस हसायची तयारी करून जातो. मीही तशीच आले. क्रॉयत्सबर्गमधलं छोटं सभागृह, नाउनिन रस्त्यावरच्या 'बालहाउस'पासून चालत जाण्याएवढं. ते बालहाउस २००८ साली शेरमिन लांगहोफ यांनी स्थलांतरितांच्या मुलानातवंडांच्या नाटकांसाठी नव्याने उघडलं, हे तुम्ही वाटेत सांगितलंत. रंगमंचावर मेणकापड अंथरलेलं टेबल, त्यावर कॅसेटचा टेपरेकॉर्डर आणि एकटी बाई. किल्ल्या खुळखुळवल्या की ती बाप, रुमालाची गाठ हनुवटीखाली घेतली की आई, आणि गाठ सोडून केस झटकले की ती मुलगी.

नाटक जर्मनमध्ये होतं, वर इंग्रजी ओळी सरकत होत्या. पण ती तुर्कीत शिरली की वरची पट्टी कोरी राहायची. मुद्दाम केलं असणार, आणि मला ते पटलं. अर्धं प्रेक्षागृह हसायचं आणि उरलेलं अर्धं 'आपण काय चुकवलं' म्हणून इकडे तिकडे बघायचं. मी त्या दुसऱ्या अर्ध्यात होते. तेव्हा तुम्ही माझ्याकडे झुकलात आणि पुढचा सव्वा तास माझ्या कानाशी सोप्या जर्मनमध्ये बोलत राहिलात. मागच्या रांगेतले गृहस्थ दोनदा खाकरले. तुम्ही ढिम्म!

गोष्ट तशी हजारो घरांची. १९६१च्या ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली, पूर्वेकडून रोज येणारे कामगार एका रात्रीत बंद झाले. कामगारांची चणचण सगळ्या पश्चिम जर्मनीतच होती. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला तुर्कस्तानशी भरतीचा करार झाला. इस्तंबूलच्या भरती कार्यालयात दात बघून, अंगावरचे कपडे उतरवून माणसं निवडली जात. आलेल्यांना नाव दिलं 'गास्टआरबायटर', पाहुणे कामगार. तुर्कीत पाहुण्याला मिसाफिर म्हणतात. तुम्ही तो शब्द कानात सांगितलात आणि मला आपला मुसाफिर आठवला. पाहुणा असो की मुसाफिर, दोघांकडूनही एकच अपेक्षा, उठून जायची.

त्या घरात आई आधी आली. हेही मला नवीन होतं. बारीक बोटांच्या कामाला बायका हव्या होत्या, म्हणून कित्येक घरांतून बाईच पुढे निघाली आणि नवरा मागून आला. मुलगी दोन वर्षांची असताना आजीकडे राहिली. आई बर्लिनहून कॅसेटमध्ये बोलून पाठवायची, आजी टेप लावायची. सातव्या वर्षी मुलीला विमानाने आणलं तेव्हा तिने आईचा चेहरा ओळखला नाही, आवाज ओळखला. मग नाटकातली मुलगी प्रेक्षकांना विचारते, "मला आईने बोलावलं की कायद्याने?" १९७३च्या नोव्हेंबरात जर्मनीने भरती थांबवली. गावी परतलेल्याला पुन्हा कामावर येणं जवळजवळ बंद झालं, म्हणून परतायच्या बेतात असलेलेही थांबले. त्यात १९७५ पासून मायदेशी राहिलेल्या मुलांचा भत्ता इथल्या मुलांपेक्षा कमी झाला. मग आजीकडची मुलं बर्लिनला येऊ लागली. अशा इकडून तिकडे पाठवलेल्या मुलांना जर्मनमध्ये 'कोफरकिंडर' म्हणतात, बॅगेतली मुलं. तो शब्द आला तेव्हा तुम्ही भाषांतर केलं नाहीत. नुसतं स्वतःकडे बोट दाखवलंत.

१९८३चा प्रसंग मी विसरणार नाही. बापाचा कारखाना बंद पडलाय. सरकार म्हणतंय, कुटुंबासकट कायमचे परत जा, १०,५०० मार्क देतो, शिवाय दर मुलामागे १,५०० मार्क. बाप मेणकापडावर बॉलपेनने बेरीज करतो. चौदा वर्षांची मुलगी टेबल पुसायला येते, आकडे वाचते आणि फडकं तसंच धरून उभी राहते. आपली किंमत तिला पहिल्यांदाच कळलेली असते. प्रेक्षक हसले. तुम्हीही हसलात, डोळे पुसत.

पण मला लिहायचंय ते दवाखान्याबद्दल. मुलगी दहा वर्षांची आहे, आईला घेऊन डॉक्टरांकडे गेलीय. डॉक्टर म्हणतात, 'गेबेअरमुटर' काढावं लागेल. गर्भाशयाला जर्मनमध्ये असा शब्द आहे आणि त्याच्या शेवटी 'मुटर' आहे, म्हणजे आई. पोरीला सगळा शब्द माहीत नाही, शेवटचाच तुकडा कळतो. ती आईकडे वळते आणि तुर्कीत सांगते, "आई, ते म्हणतात, आईला काढून टाकायचंय." वरची पट्टी कोरी. अर्धं प्रेक्षागृह गप्प, अर्धं गोंधळलेलं. तुम्ही माझ्या कानात ते वाक्य सांगितलंत आणि मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

कारण त्याआधी तीन आठवडे मी तेच केलं होतं. आमच्याकडे साधं म्हणतात, "पिशवीत गाठ आहे." ती गाठ दाखवायला मी नऊ वर्षांच्या लेकीला शाळेतून लवकर काढून नेलं होतं. नवऱ्याची मीटिंग होती, आणि दुभाष्याचे पैसे इथला सरकारी आरोग्य विमा साधारणपणे देत नाही. डॉक्टर बोलत होते, ती भिंतीवरच्या चित्राकडे बघत होती आणि मध्येच मला विचारत होती, "आई, हेपण सांगू?" घरी येऊन मी आईला फोनवर कौतुकाने सांगितलं, "पोरगी काय फाडफाड जर्मन बोलते!" लेक त्या रात्री जेवली नाही. मला वाटलं, शाळेत डब्याबरोबर काहीतरी खाल्लं असेल.

नाटक संपल्यावर भुयारी रेल्वेच्या फलाटावर हे मी तुम्हाला सांगून टाकलं, क्रियापदं चुकवत. तुम्ही ना समजूत घातलीत ना बोल लावलात. एवढंच विचारलंत, "पुढची तारीख कधी?"

मंगळवार होता. तुम्ही दुकानाला 'बाराला उघडेल' अशी चिठ्ठी लावलीत. आदल्या संध्याकाळी कटिंगच्या कागदावर खुणा करायच्या चपट्या खडूने पिशवी काढून, गाठ कुठे असते, काय काय करतात ते दाखवलंत. बाह्या काढता तशीच काढलीत, दोन फटक्यांत. दवाखान्यात डॉक्टर सपासप बोलू लागले की तुम्ही हात वर करायचात, रहदारीच्या पोलिसासारखा, आणि म्हणायचात, "पुन्हा. हळू." मग तेच वाक्य मला येणाऱ्या शंभरेक शब्दांत बसवून द्यायचात. पिशवी काढायची गरज नाही, गाठीवर नुसतं लक्ष ठेवायचं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःच्या कानांनी ऐकलं. लेकीने आधी सांगितलं तेव्हा त्यातलं 'नाही' गळून पडलं होतं. इतके दिवस आम्ही दोघी एका चुकलेल्या शब्दाखाली झोपत होतो, एकमेकींना न सांगता.

संध्याकाळी तिने विचारलं, "कोण बोललं तिथे?"

"आबला."

"मग आता मी नको ना यायला?"

"नको."

ती रंगपेटी घेऊन बसली. रात्री पोळी मागून घेतली, दुसरीही.

त्यानंतर मी शिकवणी लावलीय, आठवड्यातून दोन संध्याकाळी. विभक्तींनी जीव घेतलाय. शाळेच्या पालकसभेला परवा नवऱ्याला पाठवलं, मीटिंग असूनही. तो तासभर मान हलवून आला आणि म्हणाला, काही कळलं नाही. बरंच झालं, आता तोही शिकवणीला येईल.

तुमच्याकडे कोणी शिवून किंवा रांधून दिलं की म्हणतात ना, "एलिनिझे साऽलक", हातांना आरोग्य लाभो. ते मी पाठ केलंय. तुमच्या हातांना, आणि त्या दिवशी माझ्या कानाशी लागलेल्या तोंडालाही.

शुक्रवारी बाजार करून येते, लेक बरोबर असेल पण ती फक्त तुमच्या बटणांच्या डब्याशी खेळेल. तो मोरपिशी ब्लाउज अजून तुमच्याकडेच आहे. औषधांनी वजन वाढलंय, पुन्हा घट्ट होईल. आत माया शिल्लक असेल तर आणखी एक टीप उसवून ठेवा. आणि या वेळी पैसे घ्यायचे.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची