वर्गाच्या खिडक्या उघडा

महोदय,

परवा पालकसभेसाठी मुलीच्या वर्गात तासभर बसले. रस्त्याचा आवाज नको म्हणून खिडक्या बंद, दोन खिडक्यांना तर कपाटच टेकवलेलं. पंखे जोरात फिरत होते. पण पंखा तीच हवा ढवळतो, नवी आणत नाही. सभा संपेपर्यंत डोकं जड झालं. मुलं तिथे रोज पाच-सहा तास बसतात!

बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत साधारण ४२० भाग असतो. बंद खोलीत तो श्वासोच्छ्वासाने वाढत जातो. १००० च्या वर गेला की हवा पुरेशी खेळत नाही असं समजतात. मग मुलं पेंगतात, आणि एकाची सर्दी साऱ्या वर्गाला होते. आपण मात्र 'लक्ष नाही' म्हणून त्यांनाच रागावतो.

कपाट हलवायला पैसे लागत नाहीत. समोरासमोरच्या खिडक्या, निदान खिडकी आणि दार, उघडी ठेवावीत. मधल्या सुट्टीत तर सताड. रस्त्याकडून धूर येत असेल तर मैदानाकडच्या उघडाव्यात. वर्गातली हवा मोजणारं छोटं यंत्र मिळतं, शिक्षण विभागाने प्रत्येक शाळेला किमान एक द्यावं, आणि शाळा तपासणीत स्वच्छतागृहांबरोबर खिडक्याही पाहाव्यात.

– एक पालक, पुणे