पैसा म्हणजे भांडवल नव्हे

संपादक महोदय,

आपल्या विद्यार्थी पुरवणीतील उत्पादन घटकांवरच्या (भूमी, श्रम, भांडवल आणि धंद्याची जुळणी करणारा संयोजक) टिपणात ‘भांडवल म्हणजे धंद्यात घातलेला पैसा’ अशी व्याख्या आली आहे. बोलण्यात ती चालून जाते. उत्पादन घटक मोजायला बसले की मात्र तिच्यामुळेच हिशेब फसतो.

भांडवल म्हणजे माणसाने तयार केलेले उत्पादनाचे साधन: यंत्र, हत्यार, कारखान्याची इमारत, कच्च्या मालाचा साठा. कारखानदाराने १० लाखांचे कर्ज काढून यंत्र घेतले आणि आपण कर्ज व यंत्र दोन्ही भांडवलात धरले, तर कागदावर २० लाख दिसतील; काम करणारी वस्तू एकच. जुने शेअर किंवा जमीन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर गेली, तर घेणारा तिला गुंतवणूक म्हणेल, पण समाजाच्या भांडवलात काडीची भर पडत नाही. शिवाय झीजही वजा करावी लागते. वर्षात ७ यंत्रे नवी आली आणि तशीच ९ भंगारात गेली, तर निव्वळ भांडवल निर्मिती उणे २.

भूमीचा मोबदला खंड, हे टिपणातले विधान बरोबर. त्याला इमारतीच्या भाड्याचे उदाहरण देणे मात्र चूक, कारण भाड्यात बांधकामावरचे व्याज, घसारा आणि देखभाल मिसळलेली असते. ते काढून नुसत्या जागेपोटी जे उरेल तो खंड. शेतातली विहीर आणि बांधही याच न्यायाने भांडवलात जातात.

सर्वांत खटकले ते घटत्या फलाच्या नियमाचे स्पष्टीकरण. बाकी घटक तेवढेच ठेवून एकच घटक वाढवत नेला, तर एका टप्प्यानंतर त्याच्या प्रत्येक वाढीव नगामुळे पडणारी उत्पादनातली भर कमी होत जाते, हा तो नियम. ‘नंतर घेतलेले कामगार कमी कुशल असतात म्हणून उत्पादन घटते’ हे नियमाच्या गृहीतकालाच छेद देणारे आहे. सगळे कामगार सारखेच मानायचे असतात. ४ यंत्रांवर ४ कामगार रोज ४० नग काढतात असे धरा. पाचवा आला की ४७, सहावा आला की ५१, सातव्याने काहीच भर नाही, आठव्याने एकूण ४९ वर येते. म्हणजे सीमांत उत्पादन, अर्थात प्रत्येक वाढीव कामगारामुळे एकूण उत्पादनात पडणारी भर, अनुक्रमे ७, ४, ० आणि उणे २. कामगार तेच, यंत्रे तेवढीच. प्रत्येकाच्या वाट्याला येणारा यंत्राचा वेळ कमी होतो, मग खोळंबा आणि शेवटी अडथळा. कामगारांबरोबर यंत्रेही त्याच पटीत वाढवली तर हा नियम लागूच होत नाही. तो प्रश्न प्रमाण फलाचा, म्हणजे सगळेच घटक एका पटीत वाढवल्यावर उत्पादन किती पटीने वाढते याचा, आणि परीक्षेत या दोहोंची सरमिसळ नेहमीची.

संयोजकाच्या नफ्याला टिपणात एकच ओळ मिळाली आहे: विक्री वजा खर्च. विक्री १०० आणि बाहेर दिलेला खर्च ६०, तर ४० नफा? मालक स्वतः राबतो, त्या श्रमाचे बाहेर २० मिळाले असते. स्वतःच्या पैशावर ८ व्याज, स्वतःच्या जागेवर ९ खंड. हे ३७ श्रम, भांडवल आणि भूमी यांचे. उरलेले ३ संयोजकाचे. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ मध्ये दाखवल्याप्रमाणे हा मोबदला ज्या अनिश्चिततेचा विमा उतरवता येत नाही, ती अंगावर घेतल्याचा. आगीचा विमा काढता येतो. गिऱ्हाईक पाठ फिरवील, त्याचा काढता येत नाही.

– अर्थशास्त्राचा एक अध्यापक