पावसाआधी 503 ची नहाणी उघडा

दिनांक : 6 मे 2026

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती सदस्य,
डोंबिवली (पूर्व)

विषय : सदनिका 503 च्या बाथरूममधून होणारी गळती आणि माझ्या मुलाचा दमा (चौथे पत्र)

महोदय,

स.न.वि.वि. याआधीची तीन पत्रं मी जुलै 2024, जून 2025 आणि ऑक्टोबर 2025 मध्ये दिली. तिन्हींच्या प्रतींवर ऑफिसचा आवक शिक्का आहे. लेखी उत्तर एकाचंही आलेलं नाही. मागच्या रविवारी जिन्यात आपली भेट झाली तेव्हा आपण म्हणालात, "वहिनी, हा दोन मेंबरमधला प्रश्न आहे, आपसात बघून घ्या." म्हणून आज सगळं सविस्तर लिहीत आहे.

आमच्या आतल्या बेडरूमच्या छतावर, पंख्याच्या उजव्या हाताला ओल आहे. 2023 च्या दिवाळीत तो ताटलीएवढा पिवळा डाग होता. आज तो भिंतीवरून कपाटाच्या मागे उतरला आहे. पुट्टीचे पोपडे गादीवर पडतात आणि कोपऱ्यात मोहरी सांडावी तसे काळे ठिपके आलेत. ती बुरशी आहे. दोनदा घासून, सुकवून, बुरशीरोधक प्रायमर लावून रंग दिला. दोन्ही वेळा तीन महिन्यांत ठिपके परत वर आले, कारण वरून पाणी येणं थांबलेलंच नाही. त्याच खोलीत माझा नऊ वर्षांचा मुलगा झोपतो, त्याला दमा आहे. दुसरी खोली सासू-सासऱ्यांची आहे.

आपण मला एकदा म्हणाला होतात, "घरात स्वच्छता ठेवा, धूळ होऊ देऊ नका." अध्यक्षसाहेब, हे वाक्य मला लागलं. डॉक्टरांनी सांगितलेली एकही गोष्ट आम्ही सोडलेली नाही. जाड पडदे काढले, गालिचा गावी पाठवला. उशा आणि गादीला धूळकिडे आत शिरणार नाहीत अशी घट्ट विणीची आवरणं घातली. चादरी दर आठवड्याला 60 अंशांच्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवते. मॉस्किटो कॉइल बंद केली, कारण एका कॉइलमधून 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत जातात, असं 2003 साली प्रसिद्ध झालेलं संशोधन डॉक्टरांनी दाखवलं. आता मच्छरदाणी लावतो. सासूबाईंनी चाळीस वर्षांची धूप घालायची सवय सोडली, देवापुढे फक्त निरांजन असतं. मिरचीची फोडणी द्यायची असली की मुलाला आधी बाल्कनीत पाठवते आणि एक्झॉस्ट लावते. झुरळांचं जेल दर तीन महिन्यांनी. सकाळ-संध्याकाळचा दम्याचा पंप स्पेसर (पंपाला जोडायची नळी) लावून, नंतर चूळ भरून, एकही दिवस न चुकता. हे सगळं आमच्या हातातलं होतं म्हणून झालं. छताच्या वरचं आमच्या हातात नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आणलं. घरातली आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास राहावी म्हणतात. हॉलमध्ये 71 दिसत होती, त्या कोपऱ्यात 86. त्याच आठवड्यात रात्री अडीच वाजता जाग आली, तर मुलगा पलंगाच्या कडेला हात टेकून, खांदे वर उचलून बसला होता. गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत जात होता. "आई" एवढा एकच शब्द त्याला एका श्वासात बोलता येत होता. अशा वेळचा तातडीचा निळा पंप स्पेसरमधून दिला, एकेक पफ मोजत. उतार पडेना म्हणून रिक्षा करून दवाखाना गाठला, तिथे नेब्युलायझर लावला. त्या पावसाळ्यात असं तीनदा झालं. त्याची शाळा 19 दिवस बुडाली.

503 च्या सदस्यांशी मी भांडलेले नाही. चार वेळा घरी जाऊन हात जोडून विनंती केली. त्यांनी 2022 मध्ये बाथरूमचं नूतनीकरण केलं. जुन्या लाद्या आणि कोबा फोडला तेव्हा खालचं वॉटरप्रूफिंग गेलं आणि नहाणी ट्रॅपभोवतीचा (पाणी वाहून जाण्याच्या तोंडाभोवतीचा) जोड नीट भरला नाही, असं आपल्याच संस्थेच्या प्लंबरने माझ्यासमोर सांगितलं. लिहून मात्र देत नाही. 503 चे सदस्य म्हणतात, "आमच्याकडे सगळं कोरडं आहे." पाणी खाली येतं, त्यांच्याकडे कोरडंच असणार. त्यांचं एसीच्या आउटडोअर युनिटवर कबुतरांना दाणे टाकणंही सुरूच आहे. विष्ठेची पूड आमच्या खिडकीच्या जाळीवर बसते. 2025 मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्री घालून बंद करावा लागला तो श्वसनाच्या आजारांमुळेच, तरी आपल्या नोटीस बोर्डावर त्याबद्दल एक ओळ नाही. आवारात पालापाचोळा जाळणंही वॉचमन थांबवत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास 5,000 रुपये दंड सांगितला आहे.

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार (नियमावलीनुसार) इतर सदस्यांना त्रास होईल असं काहीही कोणी आपल्या सदनिकेत करू नये, आणि शौचालय, सिंक वगैरेंची अंतर्गत गळती त्या सदस्याने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते. पूर्वसूचना देऊन सदनिकेची पाहणी करण्याचा अधिकार समितीला आहे. तो वापरलेला नाही. आमच्या बाल्कनीच्या ग्रिलबद्दल मात्र आठ दिवसांत नोटीस आली. तो विषय वेगळा आहे, त्याचं उत्तर मी स्वतंत्र देईन.

हे माझं एकटीचं म्हणणं नाही. 303 च्या काकूंच्याही छताला आता ओल धरली आहे. 401 आणि 604 मधली मंडळी मला पाठिंबा देतात. सही करायला ते कचरतात, कारण 503 चे सदस्य समितीत आहेत. मेंटेनन्स मी आजवर एक दिवसही उशिरा भरलेला नाही.

मुंबई परिसरात मान्सूनची सर्वसाधारण तारीख 11 जून आहे. हातात जेमतेम पाच आठवडे आहेत. माझी विनंती एवढीच : 15 मेच्या आत 503 च्या बाथरूमचा ट्रॅप बंद करून, रंग मिसळलेलं पाणी 24 तास साठवावं. त्या वेळी समितीचे दोन सदस्य आणि मी हजर असावं, आणि समितीचे ते दोघे 503 चे नसावेत. माझ्या छतातून रंग उतरला, तर पावसाआधी वॉटरप्रूफिंग त्यांच्या खर्चाने व्हावं. नाही उतरला, तर चाचणीचा खर्च मी देईन आणि सर्वांसमोर त्यांची माफी मागेन.

15 तारखेपर्यंत लेखी उत्तर न मिळाल्यास हेच पत्र, तिन्ही जुन्या प्रती आणि मुलाच्या दवाखान्याचे कागद घेऊन मी सहकारी संस्थांच्या उपनिबंधक कार्यालयात जाईन. एकदा आपण स्वतः येऊन ती खोली पाहावी. रात्री नऊनंतर या, तेव्हा तो झोपलेला असतो, श्वास बाहेरूनही ऐकू येतो.

आपली विश्वासू,
सदनिका 403

सोबत : छताची 11 छायाचित्रे, आधीच्या पत्रांच्या शिक्का असलेल्या प्रती