राजीनामा दिल्यानंतर आई-बाबांना लिहिलेले पत्र

ती. आई आणि ती. बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

हे दिवाळीतच समोर बसून सांगायचे होते. पण आईच्या मोतीबिंदूची तारीख जवळ आली होती आणि बाबांचा रक्तदाब वाढलेला होता, म्हणून गप्प राहिलो. बँकेतील नोकरीचा राजीनामा मी दिला आहे आणि तो मंजूरही झाला आहे. या महिनाअखेरीपासून मी पूर्णवेळ अभिनय करणार आहे. काकांकडून कळण्याआधी तुम्हाला माझ्याकडून कळावे, म्हणून हे पत्र.

बाबा, "या वयात?" हा तुमचा पहिला प्रश्न असेल. डॉ. श्रीराम लागू आपल्या साताऱ्यात जन्मले, हे तुम्हीच मला लहानपणी अभिमानाने सांगितलेत. कान-नाक-घशाचे शल्यविशारद, परदेशात शिकलेले, पुढे टांझानियात वैद्यकी केलेले डॉक्टर 1969 साली सारे सोडून नट झाले, तेव्हा तेही 42 च्या घरातच होते. मी त्यांच्या पासंगालाही पुरणार नाही, हे मला कळते. परंतु त्यांचा तो निर्णय एका रात्रीत झालेला नव्हता. भालबा केळकरांच्या पी.डी.ए. आणि नंतर रंगायन या नाट्यसंस्थांमध्ये त्यांनी आधी कित्येक वर्षे काम केले होते. मीही अकरा वर्षे आकाशवाणीच्या श्रुतिका करतो आहे, सुट्ट्या जोडून प्रयोग करतो आहे. आता बँकेचे काम आणि हे काम या दोन्हींवर अन्याय होऊ लागला होता.

डॉक्टरांना वैद्यकीकडे परतण्याची वाट होती, मला तशी नाही, हे तुमचे म्हणणे खरे ठरेल. म्हणूनच मालिकेचा करार हाती आल्यावर राजीनामा दिला. मानधन चित्रीकरणानंतर तीन महिन्यांनी मिळते, त्यामुळे सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा काढून ठेवला आहे. तुमच्या सूनबाईंची नोकरी चालू आहे, नातीच्या शाळेची फी भरलेली आहे आणि तुम्हा दोघांचा आरोग्यविमा मी स्वतंत्रपणे काढला आहे. दर महिन्याच्या पाच तारखेला येणारे पैसे पाच तारखेलाच येतील.

आणि घर तुमच्याच नावावर राहील. 'नटसम्राट' 1970 च्या डिसेंबरात रंगमंचावर आले. पुढे पुण्याला जाऊन तुम्ही ते पाहिलेत आणि परत आल्यावर आजीला म्हणालात, की घर मुलांच्या नावावर कधी करायचे नाही. सारे मुलांना देऊन बेघर झालेल्या त्या नाटकातल्या बेलवलकरांचे दुःख तुमच्या मनातून गेलेले नाही, हे मला माहीत आहे. माझ्या कोणत्याही कर्जाला त्या घराचा आधार मी घेणार नाही.

तुम्हाला आठवते का, 'पिंजरा' आणि 'सामना' या दोन्ही चित्रपटांत मास्तरच का बुडवला, म्हणून तुम्ही रागावला होतात? तरीही दूरदर्शनवर 'सामना' लागला की वह्या तपासणे थांबायचे, आणि मी तुमच्या मांडीवर डोके ठेवून जागा राहायचो. एका चित्रपटात ताठ माणूस ढासळत जातो, दुसऱ्यात ढासळलेला माणूस हळूहळू ताठ होतो, आणि दोन्ही देह एकाच नटाचे, डॉ. लागूंचे, आहेत, हे मला पुष्कळ वर्षांनी समजले. नटाचे काम काय असते, हे मी तुमच्याच शेजारी बसून शिकलो. मालिकेतील माझी भूमिका लहान आहे. परंतु 'गांधी' चित्रपटातील डॉक्टरांची गोखल्यांची भूमिकाही मोठी नव्हती, आणि 'खानदान'सारख्या दूरदर्शन मालिकेतही डॉक्टर रंगमंचावरच्याच निष्ठेने उभे राहिले.

आई, तू रडू नकोस. डोळ्याला ते चालणार नाही. थेंब दिवसातून चार वेळा घालायचे, फोडणीच्या धुरासमोर उभे राहायचे नाही आणि सिलिंडर तर मुळीच हलवायचा नाही. मुंबईत चित्रीकरणाच्या ठिकाणी जेवण वेळेवर मिळते आणि राहायला मित्राची खोली आहे, तेव्हा माझ्या पोळीभाजीची काळजी नको. तुझ्या हातच्या मेतकूट-भाताची आठवण मात्र रोज येते. बाबा, रक्तदाबाची गोळी बरे वाटते म्हणून थांबवायची नाही, आणि 'चार भिंती'च्या टेकडीचा चढ डॉक्टरांना विचारल्याशिवाय चढायचा नाही. लोणचे आणि पापड या महिन्यात पूर्ण बंद.

हे पत्र वाचून मनाला लागले असेल तर फोन करू नका असे मी म्हणणार नाही. जरूर करा आणि रागवायचे तेवढे रागवा. येत्या शनिवारी रात्रीच्या एस.टी.ने मी येतो आहे. दार उघडायला आईने उठू नये, माझ्याजवळ किल्ली आहे.

तुमचा,
बाळ