रविवारच्या चर्चेची आठवण: जॅनेट लेन-क्लेपन

मंडळी, रविवारी संध्याकाळी ७ ला ऑनलाइन भेटतोय, लिंक आदल्या रात्री टाकते. ज्यांचं वाचायचं राहिलंय त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, या ब्रिटिश डॉक्टर बाईंनी १९२६ मध्ये स्तनाचा कॅन्सर झालेल्या ५०० आणि न झालेल्या ५०० बायका घेतल्या आणि दोन्हीकडे तेच प्रश्न विचारले, लग्न कधी झालं, मुलं किती, अंगावर पाजलं का वगैरे, आणि उशिरा लग्न, कमी मुलं, अंगावर न पाजणं याचा संबंध दिसला, जो पुढच्या अभ्यासांतही टिकला. कॉम्प्युटर नसताना हे केलंय बरं का! मग १९२८ चा रिपोर्ट, ऑपरेशननंतर बायका किती वर्षं जगल्या त्याचा, लवकरच्या स्टेजला ऑपरेशन झालेल्या जास्त जगल्या. हा भाग नीट वाचून या, खरी चर्चा इथेच होणार, कारण लवकर निदान झालं की मोजणीच आधीपासून सुरू होते, म्हणजे मरण त्याच तारखेला आलं तरी जगण्याची वर्षं जास्त भरतात. १९२९ ला जॅनेटबाईंचं लग्न झालं आणि करिअर संपलं, तिथल्या सरकारी नोकरीत तेव्हा लग्न झालेल्या बाईला ठेवत नसत. चीड येते वाचून.

आणि प्लीज, नातेवाइकांचे रिपोर्ट ग्रुपवर टाकू नका, ते आपापल्या डॉक्टरांनाच दाखवा.