वाड्यातलं सागवान जातं कुठे?

महोदय,
गेल्या आठवड्यात आमच्या पेठेतला जुना वाडा पाडला. केळफुलाच्या नक्षीचे सुरूदार (सुरूच्या झाडासारखे निमुळते) खांब, तुळया, कडीपाट (लाकडी कड्या-फळ्यांचं छत) सगळं टेम्पोत भरून वखारीत गेलं. तुळईचा एक तुकडा मी उचलून पाहिला. आतलं सागवान अजून तेलकट, मधाच्या रंगाचं, वाळवीचा मागमूस नाही! शनिवारवाड्यासाठी जुन्नरच्या जंगलातून असंच सागवान आणलं होतं. ते १८२८च्या आगीत गेलं. उरलेलं आपण स्वतःच्या हातांनी मोडतोय. कोकणातल्या फणसाच्या दारांचीही हीच गत. पाडकामाची परवानगी देण्याआधी महापालिकेने लाकडाची जात, मापं, छायाचित्रं नोंदवावीत आणि कोरीव खांब विश्रामबागवाड्यासारख्या वास्तूंच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवावेत.
– एक वाचक, पुणे