सीएचओ (उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडम, त्या एका प्रश्नासाठी थँक्यू

मॅडम, समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "अहो ते माझं कामच आहे" म्हणून पुढच्या पेशंटला हाक मारता, म्हणून इथेच सगळ्यांसमोर लिहितोय.

मार्चमध्ये आबांना उपकेंद्रात आणलं ते गुडघ्याला काही मलम मिळतंय का बघायला. तुम्ही बीपी घेतलं, १६८/९८. आबा म्हणाले मला तर काहीच होत नाही, डोकंसुद्धा दुखत नाही. बीपी तसं १२ वर्षांपासूनचं, गोळी पण होती, पण आमच्या घरात ती चक्कर आली की घ्यायची. आणि मग तुम्ही अगदी सहज विचारलंत, लघवीला फेस येतो का, पाणी टाकलं तरी जात नाही असा? आबा गप्प. मग हळूच म्हणाले, येतो, वर्ष झालं. एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं मॅडम, आणि १२ वर्षांत लघवी तपासा असं आम्हाला कोणी म्हणालंही नव्हतं.

केसपेपरच्या मागे तुम्ही पेनाने काढून दाखवलंत ते मी जपून ठेवलंय. एकेका किडनीत साधारण १० लाख बारीक गाळण्या, बीपी वर्षानुवर्षं चढं राहिलं की तिथे रक्त नेणाऱ्या नळ्या जाड आणि कडक होतात, रक्त कमी पोचतं, काही गाळण्या सुकून जातात, मग उरलेल्यांवर लोड येतो, त्यांची जाळी खराब होते आणि प्रोटीन लघवीत गळायला लागतं, तोच तो फेस, आणि बिघडलेली किडनी परत बीपी वाढवते ते वेगळंच. आबा म्हणाले, म्हंजे ठिबकची नळी चोकअप झाल्यासारखं, मोटर जोरात चाललीय पण ऊस वाळतोय. तुम्ही हसून म्हणालात, बरोब्बर.

रिपोर्ट आले, क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) १.६, ईजीएफआर (किडनी किती गाळते तो आकडा, कमी म्हणजे वाईट) ४८, लघवीतला अल्ब्युमिनचा, म्हणजे गळणाऱ्या प्रोटीनचा, रेशो ४२०, जो ३० च्या आत पाहिजे. मी घाबरलो, तुम्ही म्हणालात एका रिपोर्टवर ठरवायचं नाही, ३ महिन्यांनी परत करू, पण तोवर थांबायचं पण नाही. औषधांची पिशवी उलटी करायला लावलीत आणि त्यातनं गुडघ्यासाठी दिवसाला दोन घेत होते ती डायक्लोफिनॅक, किडनीला त्रास देणारी दुखण्याची गोळी, बाजूला काढलीत. आई चांगलं म्हणून सैंधव वापरत होती, तेही शेवटी मीठच, आणि लो सोडियम मिठात पोटॅशियम असतं, किडनी कमजोर असली की ते रक्तात साठू शकतं, म्हणून ते न विचारता आणू नका, हे पण तुम्हीच सांगितलंत. कोल्हापूरच्या किडनीच्या डॉक्टरांनी टेल्मिसार्टन सुरू केली, ही बीपीची गोळी किडनीलाही जपते पण पोटॅशियम वाढवू शकते, तेव्हा दोन आठवड्यांनी पोटॅशियम तपासायची आठवण तुमच्या फोनने झाली.

आता बीपी १२८/७८, रेशो १५० वर आलाय. ईजीएफआर ४७ आहे. सुकलेल्या गाळण्या परत येत नाहीत, उरलेल्या सांभाळायच्या, हे तुम्ही पहिल्याच दिवशी खरं सांगितलंत, खोटा धीर दिला नाहीत, त्याबद्दल वेगळं थँक्यू.

आणि हो, आबा आता पारावर बसून बीपीवाल्या दोस्तांना तोच फेसाचा प्रश्न विचारतायत. दोघं सोमवारी तुमच्याकडे येतील, त्यातले एक लाजून बोलणार नाहीत, तुम्हीच विचारा.